एकाच वेळी शेकडो प्राणी का मरतात? घटसर्पापासून कोदोच्या बुरशीपर्यंतची कारणं जाणून घ्या

तलावात सकाळी पांढऱ्या पोटाच्या माशांचा थर तरंगताना दिसतो. वडाखाली दहा-वीस कावळे मरून पडलेले असतात. माळावर एकाच ठिकाणी पाच-सहा मोर निपचित सापडतात. असं काही दिसलं की पहिला फोटो ग्रुपवर जातो आणि पाठोपाठ पहिला निष्कर्षही येतो, "कुणीतरी विष घातलं." कधी तो खरा असतो. पण जगभरातल्या अशा मोठ्या घटनांचा तपास पाहिला तर पहिला अंदाज बऱ्याचदा चुकलेला दिसतो. चुकीच्या अंदाजाची किंमत मात्र गावालाच मोजावी लागते. निर्दोष माणसावर संशय येतो आणि खरा रोग तोपर्यंत गोठ्यात किंवा खुराड्यात शिरलेला असतो.

म्हणून वन्यप्राणी एकगठ्ठा का मरतात, त्यामागची कारणं कशी शोधतात आणि आपण काय करायचं, हे सविस्तर समजून घेऊया.

सामूहिक मृत्यू म्हणजे काय?

जंगलात रोज काही प्राणी मरतातच. म्हातारपण, शिकार, उपासमार, आपसातल्या झुंजी ही नेहमीची कारणं. पण थोड्या दिवसांत, एकाच भागात, एका जातीचे किंवा अनेक जातींचे प्राणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मेले, तर त्याला सामूहिक मृत्यू म्हणतात. यात आकड्याचा पक्का नियम नाही. लाखो मासे मेले तरी काही जाती पुढच्या हंगामात पुन्हा भरून येतात. पण जी जात आधीच शे-दोनशेवर आली आहे, तिचे वीस प्राणी गेले तरी तो मोठा धक्का असतो.

सर्वात मोठं उदाहरण: ३ आठवड्यांत २ लाख हरणं

मध्य आशियातल्या कझाकस्तानच्या गवताळ माळरानावर सायगा नावाचं हरीण राहतं. अंगानं साधारण शेळी-मेंढीएवढं, आणि नाक मात्र छोट्या सोंडेसारखं पुढे लोंबणारं. मे महिन्यात हजारो माद्या एकत्र येतात आणि आठवडाभरात बहुतेक सगळ्या वितात.

मे २०१५ मध्ये अशाच वेळी ही हरणं मरायला लागली. सकाळी चरणारी मादी दुपारी सुस्त व्हायची आणि काही तासांत आडवी पडायची. आईपाठोपाठ पाडसंही गेली. ज्या कळपात हे सुरू झालं, त्यातलं जवळपास एकही जनावर वाचलं नाही. सुमारे ३ आठवड्यांत २ लाखांहून जास्त सायगा मेले. जगातल्या एकूण सायगांपैकी निम्म्याहून जास्त हरणं एका महिन्याच्या आत संपली.

तिकडेही अफवा उठल्याच. कझाकस्तानात बायकोनूर हे रॉकेट सोडण्याचं मोठं केंद्र आहे. रॉकेटचं विषारी इंधन गवतावर सांडलं असणार, असं लोक म्हणू लागले. कुणी कीटकनाशकाकडे बोट दाखवलं.

विण्याच्या हंगामाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांचं एक पथक आधीपासूनच तिथे होतं, हे नशीब. त्यांनी ताज्या मृतदेहांचं शवविच्छेदन केलं. माती, पाणी आणि गवताचे नमुने घेतले. विषाचा पुरावा मिळाला नाही. सापडला तो पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जिवाणू, ब प्रकारातला. आणि त्यानं होणारा रोग आपल्या प्रत्येक पशुपालकाला नावानं ठाऊक आहे: घटसर्प.

मग सगळे कळप एकदम कसे मेले?

इथे एक कोडं होतं. मेलेले कळप एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब होते. एका कळपातून दुसऱ्यात रोग पसरायला वेळ लागतो, आणि इथे तर सगळीकडे एकाच सुमारास मरतूक लागली होती.

उत्तर असं निघालं की जिवाणू बाहेरून आलाच नव्हता. तो निरोगी सायगाच्या घशात आणि श्वासमार्गात आधीपासून गुपचूप राहत होता. मरतुकीच्या आधीचे सुमारे १० दिवस तिथली हवा नेहमीपेक्षा उबदार आणि फार दमट होती. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली होती. त्या हवेत हा शांत बसलेला जिवाणू उसळला आणि रक्तात शिरला. माद्या नुकत्याच व्यालेल्या, म्हणजे अंगानं थकलेल्या. १९८१ आणि १९८८ मध्येही सायगांची अशीच मोठी मरतूक झाली होती. जुन्या नोंदी तपासल्यावर त्या वेळचं हवामानही असंच दमट निघालं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्पाची लस का टोचतात, याचं कारण यातच आहे. पावसाळी दमट हवा, ओला गोठा, दगदग आणि उपासमार यानं जनावराची ताकद कमी होते आणि रोग उसळतो. सायगांना लस टोचणारं कुणी नव्हतं. आपल्या म्हशीला आहे.

कारण पहिलं: रोगराई

प्राण्यांच्या सामूहिक मृत्यूच्या ७२७ घटनांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४० ते २०१२ या काळातल्या या नोंदी होत्या. त्यात सर्वाधिक म्हणजे सुमारे २६ टक्के घटनांमागे रोग होता.

गुजरातमधल्या गीरचं उदाहरण जवळचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या दलखाणिया भागात २० हून जास्त सिंह मेले. तपासात कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांचा रोग. सोबत गोचिडांमुळे होणारा संसर्गही आढळला. नंतर सिंहांसाठी परदेशातून लस मागवावी लागली.

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह या रोगानं गेले. जंगलाभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांशी त्याचा संबंध जोडला गेला. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली. त्या आधी दुष्काळ पडला होता. अशक्त झालेल्या रानरेड्यांच्या अंगावर गोचिडांचा सुळसुळाट होता. तेच रेडे सिंहांनी खाल्ले आणि त्यांना गोचीड तापाचीही जोरदार लागण झाली. कुत्र्यांचा विषाणू आणि गोचीड ताप, दोन्ही एकत्र आले तेव्हा सिंह वाचले नाहीत. नुसता विषाणू एरवीही अनेकदा येऊन गेला होता, तेव्हा फारसं काही झालं नव्हतं.

बर्ड फ्लू तर महाराष्ट्रानं अनेकदा पाहिला आहे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात, जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या याच रोगानं गेल्याचं निष्पन्न झालं. म्हणजे पक्ष्यांचा हा रोग सस्तन प्राण्यांतही जातो. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर २०२३ मध्ये एलिफंट सील या समुद्री प्राण्याची हजारो पिल्लं त्यानं मेली.

कारण दुसरं: विष, पण कुणी न घातलेलं

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १३ हत्तींच्या कळपातले १० हत्ती दोन-तीन दिवसांत मेले. लगेच संशय गावकऱ्यांवर गेला. पण प्रयोगशाळेच्या तपासात हत्तींच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीपासून तयार होणारं विष सापडलं. हत्तींनी शेतातला कोदो, म्हणजे आपल्याकडचा कोद्रा, मोठ्या प्रमाणात खाल्ला होता आणि त्या पिकाला बुरशी लागलेली होती. मुद्दाम कुणी विष घातलं नव्हतं. नमुने वेळेत गेले नसते, तर तो ठपका आजूबाजूच्या गावांवर कायमचा राहिला असता.

राजस्थानातल्या सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९ मध्ये १८ हजारांच्या आसपास पक्षी मेले. आधी बर्ड फ्लूची शंका आली, ती भोपाळच्या प्रयोगशाळेनं दूर केली. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेनं निदान केलं ते बॉटुलिझमचं. साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात आणि सडत्या शरीरात एक जिवाणू वाढतो आणि फार तीव्र विष तयार करतो. त्यानं पक्ष्याचे पंख-पाय लुळे पडतात, मान खाली पडते. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या होतात आणि विष अळ्यांत जमा होतं. अळ्यांना स्वतःला काही होत नाही, पण त्या खाणारा पुढचा पक्षी मरतो. त्याच्यावर पुन्हा अळ्या होतात. हे चक्र मृतदेह उचलल्याशिवाय थांबत नाही.

२०२० मध्ये आफ्रिकेतल्या बोत्सवानात ३०० हून जास्त हत्ती मेले. हस्तिदंत जागेवरच होते, त्यामुळे शिकारीची शक्यता मागे पडली. पाणवठ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषानं हे झालं, असं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. उन्हाळ्यात पाणी आटतं, तापतं, त्यात शेण आणि खताचा अंश उतरतो आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय येते. अशा पाण्यावर आपली जनावरंही सोडू नयेत.

कारण तिसरं: माणसानं वापरलेलं औषध

गिधाडं कुठे गेली, हा प्रश्न गावातल्या जुन्या माणसांना आजही पडतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून ते कळलं: डायक्लोफिनॅक. दुखण्यावर जनावरांना टोचलं जाणारं हे स्वस्त औषध. टोचल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचं मांस गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरतं. एका मेलेल्या बैलावर कितीतरी गिधाडं जमतात. त्यामुळे थोड्याच जनावरांत औषध असलं तरी थवे संपायला पुरेसं होतं.

भारतात २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक याही औषधांवर जनावरांसाठी बंदी घातली गेली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय आहे. नुकसान फक्त गिधाडांचं झालं असं समजू नका. मेलेली जनावरं उघड्यावर सडू लागली, त्यावर भटकी कुत्री पोसली आणि कुत्र्यांसोबत रेबीजचा धोकाही वाढला.

कीटकनाशकाचीही तीच गत. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं गेलं. ते नाकतोडे खाऊन स्वेनसन हॉक जातीचे हजारो ससाणे शेतातच मेले. हे औषध कापूस उत्पादकांना नवीन नाही. पेरणीला औषध लावलेलं बियाणं बांधावर सांडलं तर मोरांचं, तितरांचं तेच होऊ शकतं.

कारण चौथं: हवामान

नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पारा ४२ अंशांच्या वर गेला आणि चष्मेवाली वटवाघळं म्हणून ओळखली जाणारी सुमारे २३ हजार वटवाघळं झाडांवरून खाली पडली. त्या देशातल्या त्या जातीच्या जवळपास एक तृतीयांश वटवाघळांचा त्यात अंत झाला.

मे २०२१ मध्ये आसामच्या नगाव जिल्ह्यात एका टेकडीवर १८ हत्ती मृत सापडले. तपासात वीज पडून मृत्यू झाल्याचं निघालं. वीज अंगावरच पडावी लागते असं नाही. ती जमिनीतून पसरते आणि चार पाय लांब-लांब असलेल्या जनावराच्या शरीरातून जाते. झाडाखाली एकत्र उभी असलेली मेंढरं एकदम दगावतात, ती यामुळेच.

तलावातले मासे मरण्यामागे अनेकदा प्राणवायूची कमतरता असते. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तोच वापरतं. पाणी कमी, गरम आणि शेवाळ दाट असेल तर पहाटे प्राणवायू तळाला जातो. वळवाच्या पहिल्या पावसानं तळाचा गाळ ढवळला गेला की हेच होतं. मरण्याआधी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात.

मग खरं कारण कोणतं?

वरची उदाहरणं पुन्हा पाहा. सायगांमध्ये जिवाणू आधीपासून होता, दमट हवेनं त्याला उठवलं. सिंहांमध्ये विषाणू येऊन जात होता, दुष्काळ आणि गोचिडांनी तो जीवघेणा केला. बांधवगडच्या हत्तींना भूक नडली नाही, पिकावरची बुरशी नडली. २०१५ च्या त्या आढाव्यातही हेच दिसलं: ज्या घटनांत एकाहून जास्त कारणं एकत्र आली, त्यांतच सर्वात जास्त प्राणी मेले. म्हणून "कशानं मेले?" एवढं विचारून भागत नाही. "आत्ताच का मेले?" हेही विचारावं लागतं.

पाहताना या खुणा लक्षात ठेवा

या खुणांवरून नक्की निदान होत नाही, ते प्रयोगशाळेतच होतं. पण अधिकाऱ्यांना ही माहिती दिली तर तपास लवकर लागतो.

- एकच जात की अनेक? एकाच जातीचे प्राणी मेले असतील तर रोगाची शक्यता वाढते. मासे, बेडूक, पक्षी, कुत्री सगळेच मेले असतील तर पाणी किंवा विषाकडे पाहावं लागतं.
- कधी मेले? पहाटे, वादळानंतर, उष्णतेच्या लाटेत की शेजारी फवारणी झाल्यावर?
- जिवंत असलेले कसे वागतात? मान टाकणं, लुळं पडणं, गोल फिरणं, झटके, तोंडाला फेस.
- मृतदेहाच्या नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय का? तसं असेल तर अजिबात जवळ जाऊ नका. ती काळपुळी असू शकते. हा रोग माणसालाही होतो. मृतदेह कापला तर त्याचे जंतू मातीत मिसळून कित्येक वर्षं टिकतात. २०१७ मध्ये नामिबियात १०० हून जास्त पाणघोडे मेले, तेव्हा काळपुळीचाच संशय होता आणि लोकांना ते मांस खाऊ नका असं बजावावं लागलं.

काय करायचं?

१. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. पाळीव जनावरं किंवा कोंबड्याही दगावत असतील तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ वर फोन करा.

२. लांबून फोटो काढा. जागा, वेळ आणि साधारण संख्या लिहून ठेवा.

३. लवकर कळवा. उन्हाळ्यात मृतदेह एका दिवसात इतका सडतो की नमुन्यातून काहीच हाती लागत नाही.

४. कुत्री, डुकरं, कोंबड्या आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

५. त्या पाणवठ्यावर आपली जनावरं तात्पुरती सोडू नका.

काय करायचं नाही?

- उघड्या हातानं मृत प्राणी उचलू नका.
- मेलेला प्राणी किंवा तरंगणारे मासे खाऊ नका, विकू नका.
- मोरपीस, नखं, शिंगं घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अडचणीत याल.
- पंचनाम्याआधी स्वतःच पुरू किंवा जाळू नका. पुरावा जातो आणि संशय तुमच्यावरच येतो.
- "अमक्यानं विष घातलं" असा मेसेज अहवाल येण्याआधी पुढे ढकलू नका.

आधीपासून काय करता येईल?

पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घ्या. जंगलाला लागून गाव असेल तर पाळलेल्या कुत्र्यांचंही लसीकरण करा, त्यात रेबीजसोबत डिस्टेंपरचीही लस येते. जनावराला दुखण्याचं इंजेक्शन देताना डॉक्टरांना विचारा, "यात डायक्लोफिनॅक तर नाही ना?" औषध लावलेलं बियाणं मातीआड करा. बुरशी लागलेलं धान्य उघड्यावर टाकू नका. ही कामं छोटी वाटतील, पण वर सांगितलेल्या बऱ्याच घटनांचा धागा गावापर्यंत पोचतो, तो अशाच गोष्टींतून.

आणि सायगांचं पुढे काय झालं? शिकारीवर कडक पहारा बसला, अधिवास राखला गेला. या हरणाच्या माद्या अनेकदा जुळी पाडसं देतात, त्यामुळे संख्या वेगानं वाढली. २०२३ पर्यंत कझाकस्तानात ती १९ लाखांच्या आसपास पोचली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सायगाला अतिसंकटग्रस्त यादीतून बाहेर काढण्यात आलं. पण त्यांच्या घशातला जिवाणू अजून तिथेच आहे. म्हणून मे महिना आला आणि हवा दमट झाली की तिथले वनरक्षक आजही कळपांवर नजर ठेवतात. आपणही त्याच महिन्यात गोठ्यातल्या लसीकरणाची तारीख चुकवू नये.